मूसाखेडीच्या वस्तीत आई-बाळांसाठी आठवड्याला एक तास: नेमकं काय करावं?

रामबागकर

नमस्कार. इंदूरच्या आमच्या महिला मंडळाच्या सहा जणी पुढच्या महिन्यापासून मूसाखेडीजवळच्या एका वस्तीत दर आठवड्याला तासभर आई-बाळांबरोबर काम करणार आहोत. अंगणवाडीची खोली मिळाली आहे. १२ आया आहेत आणि सगळ्यांची बाळं वर्षाच्या आतली. बहुतेक कुटुंबं झाबुआ, अलीराजपूर, बडवानीकडून बांधकामाच्या मजुरीला आलेली. घरात भिली, भिलाली नाहीतर निमाडी, बाहेर हिंदी.

दोन बाळं कमी वजनाची आहेत, नवजात कक्षातून नुकतीच घरी आली आहेत. एक आई तीन महिन्यांच्या बाळाला वेळेवर पाजते, स्वच्छ ठेवते, पण त्याच्याकडे बघत नाही, बोलत नाही. एका घरी नवरा दारू पिऊन मारतो असं शेजारणी सांगतात.

मंडळाच्या बैठकीत ठरलेला बेत असा: दर वेळी २० मिनिटांचं व्याख्यान, मग बडबडगीतं शिकवायची, महिन्यातून एकदा खेळणी, दूध पावडरचे डबे आणि बाटल्या वाटायच्या. फोटो काढून मंडळाच्या ग्रुपवर टाकायचे, म्हणजे देणग्या मिळतील. व्याख्यान ऐकून आई-बाळाचं नातं घट्ट होईल, हे काही मनाला पटत नाही. जाणकारांनी कृपया सांगावं, या तासाभरात काय करावं आणि काय अजिबात करू नये?

---

झोळी

ताई, सगळ्यात आधी दूध पावडरचे डबे आणि बाटल्या यादीतून काढा. शिशुदुग्ध पर्यायांबद्दलचा १९९२ चा कायदा आहे. अनाथालय सोडून इतर कोणालाही या वस्तू दान करायला किंवा वाटायला त्यात मनाई आहे, देणारा कितीही भल्या मनाचा असो. कायदा घटकाभर बाजूला ठेवा आणि हिशेब बघा. ४०० ग्रॅमचा डबा तीन महिन्यांच्या बाळाला चार-पाच दिवस पुरतो. तेवढ्यात बाळ अंगावर कमी पितं, म्हणून आईचं दूध कमी होतं. पुढचा डबा विकत घ्यायची ऐपत नसते, मग पावडर पातळ करून दिली जाते, बाटली नीट उकळली जात नाही आणि बाळाला हगवण लागते. त्याहून मोठं नुकसान असं, की 'माझ्या दुधात दम नाही' हे आईच्या मनात पक्कं बसतं. तेच पैसे आईच्या खाण्यावर घाला. खोलीत आल्या आल्या शेंगदाणा-गुळाचे दोन लाडू आणि तांब्याभर पाणी तिच्या हातात द्या. कामावरून आलेली बाई बहुतेक वेळा उपाशी असते. रिकाम्या पोटी बाळाशी खेळ म्हणणं हा तिच्यावर अन्याय आहे.

आता तासाबद्दल. एक नियम सहाही जणींनी पाळायचा: बाळ आईच्याच मांडीवर राहील. कसं खेळवायचं हे 'दाखवायला' बाळ आपल्याकडे घ्यायचं नाही. आपण निवांत असतो, पोट भरलेलं असतं, तीन नातवंडं खेळवून हात बसलेला असतो. बाळ आपल्याकडे बघून हसतं आणि आई मनात म्हणते, बघा, माझ्याकडे नाही हसत. एवढ्यात सगळं बिघडतं. बाळ रडायला लागलं की हात आपोआप पुढे जातात, तेव्हा तर जास्तच सांभाळा. आईच्या शेजारी बसा, समोर उभ्या राहू नका. गरज वाटली तर कापडाची बाहुली मांडीवर घेऊन करून दाखवा.

व्याख्यानाऐवजी 'बघणं' ठेवा. आईला एकच विचारायचं: आत्ता बाळ काय करतंय? नवजात बाळाला २० ते ३० सेंटीमीटरवरचं सगळ्यात स्वच्छ दिसतं, म्हणजे एक वीत आणि वर चार बोटं. पाजताना आईचा चेहरा नेमका तेवढ्या अंतरावर असतो. हे सांगितलं की बऱ्याच जणी आपसूक मान खाली करून बघतात. मग आईने हळू जीभ बाहेर काढायची किंवा 'आ' करायचं आणि मनात दहा आकडे मोजत थांबायचं. लोक चुकतात ते इथे, थांबतच नाहीत. बाळाचं उत्तर उशिरा येतं. आपण दोन सेकंदांत दुसरं काही सुरू केलं की त्याची पाळी हुकते. सहा ते आठ आठवड्यांनी ओळखीचं हसू येतं, त्यानंतर 'अगू-आगू' सुरू होतं. तेव्हा आईने तोच आवाज परत करायचा आणि पुन्हा थांबायचं. सहा महिन्यांनंतर पदराआडून 'कुक', वाटीवर चमचा, नऊ महिन्यांनंतर टाळ्या आणि वस्तू देणं-घेणं. खेळणी विकत आणायची गरज नाही. स्टीलची वाटी, लाकडी चमचा आणि एक ओढणी पुरेशी आहे. छोटे मणी, राजमा, नाणी मात्र खोलीतही नकोत, घशात अडकतात.

आणखी एक गोष्ट प्रत्येक आईला सांगाच. बाळाने मान फिरवली, जांभई दिली, उचकी लागली, बोटं फाकवली की त्याचा अर्थ 'आता पुरे, जरा विश्रांती'. आया याचा अर्थ 'याला मी आवडत नाही' असा लावतात, आणि मग एकतर बाळाचं तोंड धरून स्वतःकडे वळवतात, नाहीतर खेळणंच सोडून देतात. बाळ वळलं की आपणही गप्प व्हायचं. ते पुन्हा बघेल तेव्हा पुन्हा सुरू. अमेरिकेत एडवर्ड ट्रॉनिक यांनी १९७० च्या दशकात आई-बाळांच्या चेहऱ्यांवर जे प्रयोग केले, त्यांच्या पुढच्या कामातून दिसलं की चांगलं नातं असलेल्या जोडीचाही सूर बराच वेळ जुळलेला नसतो. तो पुन्हा जुळवला जातो, आणि महत्त्व त्या जुळवण्याला आहे. थकलेल्या आईला हे ऐकून खरंच धीर येतो, कारण 'सतत खेळवायला हवं' हे ओझं उतरतं.

बडबडगीतांचं म्हणाल तर आपली मराठी गाणी शिकवायला जाऊ नका. तिच्या आजीने भिलालीत किंवा निमाडीत म्हटलेलं एखादं तिला येतच असतं. ते म्हणायला लावा, आपण ऐका. पोटात असल्यापासून बाळाने तिचा आवाज त्याच बोलीत ऐकलेला आहे.

फोटो बंद. देणगीदारांना आकडे सांगा, चेहरे दाखवू नका.

---

नवजातकक्ष

कमी वजनाच्या दोन बाळांबद्दल सविस्तर लिहिते. जन्मल्यावर ही बाळं आईपासून दूर, काचेच्या पेटीत किंवा वॉर्मरखाली राहिलेली असतात. आईने बाळाला पाहिलं तेही नळ्यांमध्ये. घरी आल्यावर ती हात लावायला घाबरते, 'काही झालं तर?' बघणाऱ्याला ही भीती उदासीनता वाटते. यावरचा सगळ्यात चांगला उपाय म्हणजे कांगारू पद्धत, म्हणजे बाळाला उघड्या छातीशी बांधून ठेवणं. १९७० च्या दशकाच्या शेवटी कोलंबियातल्या बोगोटा शहरात, पेट्या अपुऱ्या पडत म्हणून ती सुरू झाली. आता जागतिक आरोग्य संघटनेची २०२२ ची शिफारस अशी आहे की वेळेआधी जन्मलेल्या किंवा कमी वजनाच्या प्रत्येक बाळाला दिवसात ८ ते २४ तास आईच्या छातीशी ठेवावं आणि जन्मानंतर लगेच सुरुवात करावी. भारतासह पाच देशांत केलेल्या एका मोठ्या चाचणीचे निष्कर्ष २०२१ मध्ये आले. १ किलो ते १.८ किलोच्या आतल्या बाळांना जन्मताच छातीशी ठेवल्याने पहिल्या २८ दिवसांतले मृत्यू सुमारे चौथ्या हिश्श्याने कमी झाले.

कृती: आईने पुढून उघडणारा ब्लाउज किंवा गाऊन घालावा. मंगळसूत्र, माळा, सेफ्टी पिना काढून ठेवाव्यात. बाळाच्या अंगात फक्त लंगोट, टोपी, मोजे. बाळ उभं, दोन्ही स्तनांच्या मधोमध, छातीला छाती. डोकं एका बाजूला वळलेलं आणि हनुवटी किंचित वर, वास घेताना असते तशी. हात कोपरात दुमडलेले, पाय बेडकासारखे फाकलेले. मग कापडाने बांधायचं. कापडाची वरची कड बाळाच्या कानाच्या खाली यावी. पोटावर फास नको, श्वासाबरोबर पोट हललं पाहिजे. आईने आडवं होताना पाठीला उशा किंवा गोधडीची गुंडाळी लावून अर्धवट टेकून झोपावं, सपाट नको.

चुका नेमक्या कुठे होतात? बाळ खाली घसरतं, हनुवटी छातीला टेकते आणि श्वासनलिका दबते. म्हणून दर काही वेळाने तोंडाचा रंग आणि श्वास बघायला घरातल्या दुसऱ्या कोणाला सांगून ठेवा. दुसरी चूक म्हणजे दहा-पंधरा मिनिटांत सोडणं. एका बैठकीत निदान तासभर हवा, नाहीतर काढण्या-घालण्यातच बाळ गार पडतं. तिसरी चूक अशी की घरातले 'तिला विश्रांती द्या' म्हणत बाळ काढून घेतात आणि भांडी मात्र तिच्याचकडे राहतात. सासूबाईंशी बोलाल तर हेच बोला: बाळ तिच्याकडे, भांडी तुमच्याकडे. हे साधारण बाळ अडीच किलोचं होईपर्यंत, किंवा ते स्वतःच हातपाय झाडून बाहेर यायला बघेपर्यंत चालवायचं.

पाजणं २४ तासांत ८ ते १२ वेळा. कमी वजनाचं बाळ भूक लागली तरी रडेलच असं नाही, झोपूनच राहतं, म्हणून घड्याळ बघून दर दोन तासांनी. ओढत नसेल तर हाताने दूध काढून वाटी-चमच्याने द्यावं. दिवसाला सहा तरी लंगोट ओले झाले की दूध पुरतंय असं समजा. मालिश चालेल, पण हलक्या हाताने आणि खोबरेल तेलाने. मोहरीचं तेल या नाजूक कातडीला सोसत नाही. नाकात-कानात तेल घालणं, टाळूवर थापणं, जोरात रगडणं, सगळं बंद.

बाळाने दूध ओढायचं सोडलं, श्वास मिनिटाला ६० च्या वर गेला, श्वास घेताना छातीचा खालचा भाग आत ओढला जाऊ लागला, अंग गार किंवा तापलेलं लागलं, झटका आला किंवा ते हलेनासं झालं, तर वाट न बघता १०८ ला फोन. सरकारी रुग्णालयात एक वर्षापर्यंतच्या आजारी बाळाचा उपचार आणि ने-आण मोफत आहे, हे या कुटुंबांना अनेकदा माहीतच नसतं. दवाखान्यात झालेल्या बाळंतपणानंतर आशा कार्यकर्तीच्या घरभेटी ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी असतात. त्या होताहेत का, एवढं कार्डावर बघून घ्या.

---

मनमोकळं

न बघणाऱ्या आईबद्दल. तिला 'बाळाशी बोल गं, प्रेम कर गं' असं म्हणू नका. बाळंतपणानंतरच्या नैराश्यात नेमकी हीच गोष्ट होत नाही. ती वेळेवर पाजते, स्वच्छ ठेवते, म्हणजे आहे ते सगळं बळ ती बाळावर खर्च करते आहे. आधी तेच तिला बोलून दाखवा.

बाळंतपणानंतर तिसऱ्या-चौथ्या दिवशी रडू येणं, मन हळवं होणं बऱ्याच जणींना होतं आणि दोन आठवड्यांत ओसरतं. तीन महिन्यांनी तसंच असेल तर तो थकवा समजून सोडून देता येत नाही. माळवा-निमाडातल्या बायका 'मी उदास आहे' असं क्वचित म्हणतात. त्या म्हणतात, 'जी घबराता है', 'मन नहीं लगता', 'कमजोरी है', डोकं दुखतं, अंग दुखतं. ते ऐकून टॉनिकची बाटली देऊ नका. ती एकटी असताना, सावकाश, दोन प्रश्न विचारा: गेल्या महिन्यात बरेच दिवस मन खचलेलं, निराश वाटलं का? आणि पूर्वी ज्यात बरं वाटायचं त्यात रस वाटेनासा झाला का? एकालाही 'हो' आलं तर तिसरा: यासाठी कोणाची मदत घ्यावीशी वाटते का? हे नैराश्य ओळखायला एडिनबरा मापनाची दहा प्रश्नांची यादी असते, पण ती प्रशिक्षित माणसाने भरून घ्यावी. स्वयंसेविकांनी गुण मोजत बसू नये.

पुढे कुठे? जिल्हा रुग्णालयांत 'मनकक्ष' आहेत, बाणगंगेला शासकीय मानसिक रुग्णालय आहे, आणि टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास मोफत चालतो. नुसता नंबर कागदावर लिहून दिला तर कोणी फोन करत नाही. तिच्या शेजारी बसून आपल्या फोनवरून लावून द्या आणि बोलताना बाळ कोण धरेल ते आधी ठरवा. पहिल्यांदा दवाखान्यात जाताना मंडळातली एक जण बरोबर हवीच. स्तनपान चालू असतानाही देता येतात अशी औषधं आहेत. त्यामुळे 'गोळ्या चालू म्हणून दूध तोड' असा सल्ला शेजारपाजारच्यांनी दिला तर आधी डॉक्टरांना विचारा.

तोवर तासात काय? तिच्याकडून बोलण्याची अपेक्षा ठेवू नका. बाळाला छातीशी धरून नुसतं बसणं, किंवा त्याच्या पावलांना पाच मिनिटं तेल चोळणं, एवढंच द्या. हाताला काम असलं की नजर मागून येते. आठवडाभरात एकदा बाळाला घेऊन बाहेर ओट्यावर दहा मिनिटं बसायचं ठरवा. छोटं, ठरलेलं, पुढच्या वेळी विचारता येईल असं. घरातलं दुसरं कोणी त्या बाळाशी रोज बोलत-हसत असेल तर तेही चालू राहू दे. त्याने आईचं काही हिरावलं जात नाही.

एक गोष्ट वेगळी आणि तातडीची. बाळंतपणानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत आई रात्र-रात्र न झोपता फिरत असेल, असंबद्ध बोलत असेल, बाळ बदललं आहे किंवा त्याच्यात कसली तरी शक्ती शिरली आहे असं म्हणत असेल, तर ते गंभीर मानसिक आजाराचं लक्षण आहे. हजारात एक-दोघींना होतो. त्याच दिवशी रुग्णालय. तिला आणि बाळाला एकटं सोडायचं नाही. वस्तीत याला बाहेरची बाधा समजून बडव्याकडे (भगताकडे) नेतात आणि मोलाचे दिवस जातात. तिने जीव देण्याचं नाव काढलं तरीही हीच घाई.

मारहाणीच्या घराबद्दल: तिला सगळ्यांसमोर काही विचारू नका, नवऱ्याला समजवायला जाऊ नका, घरी कसलंही पत्रक देऊ नका. ते त्याच्या हाती लागलं तर तिलाच भोगावं लागतं. वजन करायच्या निमित्ताने तिला एकटीला बाजूला घ्या, महिला मदतवाहिनीचा १८१ हा क्रमांक तोंडी सांगून पाठ करवा, 'सखी' वन स्टॉप सेंटरमध्ये राहण्याची, पोलिसांची आणि वकिलाची मदत एकाच छताखाली मिळते हे सांगा. निघायचं कधी, हे ती ठरवेल. भेदरलेली आई बाळाला गप्प ठेवायला शिकते, कारण रडण्याने मार पडतो. तिचं बाळ तुम्हाला खूप 'शहाणं' वाटलं तर कौतुक करून पुढे जाऊ नका.

---

साइटवरचा

वेळेबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून. दुपारचा तास ठेवलात तर कामावर जाणाऱ्या आया येणार नाहीत, फक्त घरी असलेल्या येतील, आणि सगळ्यात गरज असलेल्या सुटतील. संध्याकाळी चूल पेटायच्या आधी किंवा बाजाराच्या दिवशी बघा. फाल्गुनात होळीआधीच्या भगोरिया मेळ्यासाठी आणि जूनमध्ये पेरणीला वस्ती अर्धी रिकामी होईल. त्याआधी प्रत्येकीकडे माता-बाल सुरक्षा कार्ड आहे याची खात्री करा आणि त्याचा फोटो तिच्याच फोनमध्ये काढून द्या.

दिवसा बाळ कोण सांभाळतं ते नक्की विचारा. बहुतेक घरांत आठ-नऊ वर्षांची बहीण. मग तीही तुमच्या तासाची सदस्य आहे, तिला हाकलू नका, आणि तिच्या शाळेचंही बघा. जिथे ५० हून जास्त बायका कामाला असत त्या बांधकामावर पाळणाघर देणं १९९६ च्या बांधकाम मजूर कायद्याने मालकाचं कर्तव्य होतं. २०२५ मध्ये त्याच्या जागी नवी श्रमसंहिता आली, त्यामुळे आताचा नियम कामगार कार्यालयात विचारून घ्या. ठेकेदार हजेरीत बायका कमी दाखवतात, त्यामुळे आकडा स्वतः मोजा. पाळणाघर नसेल तरी सावलीची एक जागा आणि दूध पाजायला दोन सुट्या एवढं मुकादमाशी बोलून बरेचदा जमतं. साइटवर पाजता आलं तर दूध टिकतं.

पहिल्या बाळासाठी मातृवंदना योजनेचे ५,००० रुपये असतात. बँक खातं आधारला जोडलेलं नसल्याने अडकतात. अंगणवाडी कार्यकर्तीबरोबर एक दिवस फक्त या कागदांना द्या. पैशांची चिंता थोडी हलली की आईचं लक्ष बाळाकडे वळतं, हे कामावर दिसतं.

---

रामबागकर

सगळ्यांचे मनापासून आभार. डबे, बाटल्या, फोटो, व्याख्यान रद्द. लाडूंचं काम दोघींनी घेतलं. 'बाळ आईच्याच मांडीवर' हे पाटीवर लिहून खोलीत लावू.

दोन शंका. एप्रिल-मेमध्ये पत्र्याच्या खोलीत कांगारू पद्धत कशी जमणार? आणि आई कामावर गेली तर वडिलांनी केलं तर चालेल का? शिवाय बांधायला कापड किती लागतं? शिवून देण्याचा विचार आहे. आणि काम होतंय की नाही, हे कशावरून ओळखायचं?

---

झोळी

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर: दर वेळी आईला एकच विचारा, 'या आठवड्यात बाळाने नवीन काय केलं?' सुरुवातीला 'काही नाही' किंवा 'रडतो' असं येईल. 'पंख्याकडे बघून हात हलवतो', 'माझी बांगडी वाजली की थांबतो' अशी नेमकी उत्तरं यायला लागली की समजा. तारीख घालून वहीत तिच्याच शब्दांत लिहून ठेवा.

---

नवजातकक्ष

वडील, आजी, मावशी, कोणीही चालेल. छाती स्वच्छ हवी, खोकला-ताप नको, आणि बिडी-तंबाखू ओढणाऱ्याने नको. दूध मात्र आईचंच, काढून ठेवलेलं, आणि उन्हाळ्यात ते बाहेर फार वेळ टिकत नाही.

उन्हाळ्यात टोपी-मोजे काढा, पत्र्यावर ओली गोणपाटं टाका, आईला जवळ पाण्याचा तांब्या द्या. बाळाचं तापमान हाताच्या पाठीने बघा: पोट आणि तळपाय दोन्ही कोमट असतील तर ठीक. पोट कोमट पण पाय गार, तर थंडी वाजते आहे. दोन्ही गार असतील तर लगेच छातीशी धरून दवाखाना. तापलेलं वाटलं तर सोडवून सावलीत घ्या, दूध पाजा, आणि पंधरा-वीस मिनिटांत उतरलं नाही तर दाखवा.

कापड शिवू नका. शिवलेली पिशवी एकीला घट्ट, दुसरीला सैल होते. मऊ, धुवून वापरात आलेलं सुती कापड, साधारण एक मीटर लांब, एक मीटर रुंद. तिरकं दुमडून त्रिकोण करा, बाळाच्या पाठीवरून घेऊन काखेखाली पक्की गाठ मारा. जुन्या सुती साडीतून अशी पाच निघतात. प्रत्येक आईला दोन द्या, एक अंगावर, एक वाळत. पहिल्यांदा बांधाल तेव्हा गाठ आईलाच मारायला सांगा.